उंबऱ्यावर पडलेला पोस्टमन

मला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम जमत होती आणि ती कुठल्याही अर्जात लिहिता येत नव्हती. टीव्हीला जोडायच्या गेममध्ये एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळत असे, आणि त्याला मी कसल्याही खड्ड्यात न पाडता पलीकडे नेत असे. सातपूरच्या आमच्या कॉलनीत या कौशल्याला काही वर्षं फार मान होता. पुढे बरोबरची मुलं मोठी झाली, कामाधंद्याला लागली, कोणी पुण्याला गेलं. मान त्यांच्याबरोबर गेला आणि कौशल्य तेवढं माझ्याकडे पडून राहिलं.

ते यंत्र वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून मेन रोडवरच्या एका दुकानातून आणलं होतं. करड्या रंगाचा डबा, त्याला दोन वायरचे रिमोट, आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. चित्र नाही आलं तर कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि परत खोचायची. फुंकरीने नेमकं काय होतं हे मी डिप्लोमा करूनही सांगू शकणार नाही, पण तेव्हा चित्र यायचं खरं. कॅसेटवर चित्र एका खेळाचं होतं आणि आत खेळ दुसराच होता. त्यातल्या बुटक्याच्या पाठीवर थैली होती म्हणून आम्ही त्याला पोस्टमन म्हणायचो. त्याचं खरं नाव काय हे कॉलनीत कोणालाच माहीत नव्हतं.

वडील कारखान्यात पाळीने कामाला होते. रात्रपाळी असली की दिवसा ते आतल्या खोलीत झोपत आणि आम्ही बाहेर टीव्हीचा आवाज पार शून्यावर आणून खेळत असू. जिंकलं तरी तोंडावर हात ठेवून जिंकायचं. कॉलनीत जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी दिवसा झोपलेलंच असायचं, त्यामुळे दुसऱ्याकडे खेळायला गेलं तरी तीच गत. पुढे पुढे सवयच झाली. वडील कामावर गेलेले असले तरी आवाज वाढवायचं आम्हाला सुचत नसे. पोस्टमन उडी मारताना, पडताना काही आवाज करतो का, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमचा पोस्टमन मुका होता.

त्या खेळात एक पडका पूल होता. फळ्या एकामागून एक निसटायच्या, त्यांच्यावरून पळत सुटायचं, आणि पुलाच्या टोकाला पुढे काहीच नाही, नुसती काळीभोर दरी. सगळी पोरं तिथे पडायची. पण टीव्हीच्या अगदी उजव्या कोपऱ्यात, खाली, एक दगडी पायरी दिसायची. तिच्यावर नजर ठेवून उडी मारली की काम फत्ते. मी ती पायरी सगळ्यांच्या आधी हेरली आणि त्या जोरावर कॉलनीत राज्य केलं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तर डोळ्यांवर रुमाल बांधून मी तो पूल पार केला. ते एकदाच जमलं. पुन्हा करून दाखव म्हटलं की माझं डोकं दुखायला लागायचं. पण 'हा पूल मी डोळे मिटून पार करतो' हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं वापरलं.

शेवटी त्या वाक्यानेच माझा घात केला, आणि तोही निफाडला, बघण्याच्या कार्यक्रमात.

तोपर्यंत मी सातपूरच्याच एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरीला लागलो होतो आणि घरी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती. कार्यक्रम बरेच झाले. नकारही बरेच आले आणि त्यांचं कारण बहुधा एकच असे: मुलगा काही बोलतच नाही. खोटं नव्हतं ते. समोर पोह्यांचा ट्रे आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. एका ठिकाणी छंद विचारला तेव्हा मी धीर करून 'वाचन' म्हणालो. मुलीने विचारलं, हल्ली काय वाचलंत? मला भूमितीच्या पुस्तकाखेरीज एकही नाव आठवेना. परतीच्या वाटेवर आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. आईने न बोलणं म्हणजे काय, हे आमच्या घरातल्यांना विचारावं.

निफाडचं स्थळ मावशीच्या यजमानांनी आणलं होतं. मुलगी एम.एस्सी., पिंपळगावला एका प्रयोगशाळेत माती आणि द्राक्षाच्या पानांचे देठ तपासायची. घरची द्राक्षबाग. फोटो पाहून मी आईला 'बरी आहे' म्हणालो. खरं सांगायचं तर तो फोटो मी कामावर ड्रॉइंगच्या फाइलमध्ये ठेवून दिवसातून चार वेळा बघत होतो. त्या फोटोत ती हसत नव्हती. फोटो काढणाऱ्याकडे 'झालं का तुमचं?' अशा नजरेने बघत होती. मला ती नजर फार आवडली. या वेळी नकार आला तर मला खरंच लागणार, हे मला आधीच कळून चुकलं होतं.

एस.टी.त आई माझ्या शेजारी बसली आणि मोजक्या शब्दांत म्हणाली, "या वेळी तोंड उघड. काहीही बोल, पण बोल."

"काहीही?"

"काहीही. मुका आहेस असं वाटता कामा नये."

आईचा हा सल्ला मी फार मनावर घेतला.

निफाडच्या स्टँडवर त्यांची जीप आली होती. घर बागेला लागूनच. काढणी चालू होती. पेठ तालुक्यातून आलेली मजूर माणसं क्रेट भरत होती आणि अंगणात पिकल्या द्राक्षांचा वास भरून राहिला होता. बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो: मी, आई, वडील आणि मावशीचे यजमान. समोर मुलीचे वडील आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आत्यांनी मला पायाच्या अंगठ्यापासून भांगापर्यंत एकदा नीट बघून घेतलं आणि स्टीलच्या ताटातली द्राक्षं पुढे केली. "खा. औषध मारल्याली नायती, घरच्यासाठी ठेवल्याली हायती," त्या म्हणाल्या. मी खाल्ली. बोलायला मात्र अजून काही सुचत नव्हतं.

मुलगी पोहे घेऊन आली. फोटोतलीच नजर. बशा वाटून झाल्यावर ती आत्यांच्या शेजारी बसली आणि मावशीचे यजमान नेहमीप्रमाणे म्हणाले, "विचारा की काही एकमेकांना." वडिलांनी छताकडे बघितलं. आई खोकली. तो खोकला माझ्यासाठी होता.

मी घाबरून इकडे तिकडे बघितलं. समोर टीव्ही होता, टीव्हीवर विणलेला रुमाल आणि रुमालावर एक जांभळं, तळहातापेक्षा थोडं मोठं यंत्र. मधे काचेचा लहानसा चौकोन, दोन्ही बाजूंना बटणं. असली यंत्रं मी नाशिकला दुकानाच्या काचेआड पाहिली होती, हातात घेतली नव्हती.

"हे कोणाचं?" मी विचारलं. वाक्य पूर्ण बाहेर पडलं म्हणून माझं मलाच बरं वाटलं.

"माझं," ती म्हणाली. "मामा मस्कतला असतात, त्यांनी आणलं. पिंपळगावला जाता-येता बसमध्ये खेळते."

मी उठून जवळ गेलो. मागच्या खाचेत एवढीशी कॅसेट होती आणि तिच्यावर पाठीवर थैली घेतलेला बुटका.

"अरे, हा तर पोस्टमन!" मी ओरडलोच. मुलीचे वडील मान वळवून दाराकडे बघायला लागले.

"लहानपणी टीव्हीवर खेळायचो मी हा," मी म्हणालो. जीभ एकदा सुटली म्हटल्यावर ती थांबेना. "यात एक पडका पूल आहे. तो तर मी डोळे मिटून पार करतो."

आईच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटलं आणि मग काळजी. मावशीचे यजमान मात्र खूश झाले. "पोरगा टेक्निकल आहे आमचा," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले.

मुलीने माझ्याकडे जरा लक्ष देऊन बघितलं. "हो का?" ती म्हणाली. मग उठली, यंत्र हातात घेतलं, दोनचार बटणं दाबली आणि माझ्यापुढे धरलं. "खेळा ना मग."

बघतो तर खेळ नेमका पडक्या पुलावरच उघडलेला. पोस्टमन पहिल्या फळीपाशी माझी वाट बघत उभा. मला वाटलं, देव पावला. एवढ्या मोठ्या खेळातून देवाने माझाच पूल काढून माझ्या हातात ठेवला.

आणि त्याच क्षणी वीज गेली. निफाडला तेव्हा दुपारचं भारनियमन असायचं. पंखा थांबला, ट्यूब गेली, पण घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं, कारण त्या यंत्राच्या काचेला स्वतःचा उजेड नव्हता. बाहेरचा उजेड पडला तर चित्र दिसायचं, नाहीतर आपलंच तोंड. खोलीतल्या अंधारात मला काचेत माझं घाबरलेलं तोंड दिसत होतं. मी यंत्र इकडे वळवलं, तिकडे वळवलं, आणि उजेडाच्या मागे सरकत सरकत दारापर्यंत गेलो. दारात बाहेरचं लख्ख ऊन होतं. तिथे पोस्टमन दिसला. मी जिथे होतो तिथेच टेकलो आणि पळायला सुरुवात केली.

फळ्या निसटायला लागल्या. मी पळालो. पुलाचं टोक आलं. माझी नजर सवयीने उजव्या कोपऱ्यात खाली गेली, पायरी शोधायला.

पायरीच नव्हती. टीव्हीवर पोस्टमनच्या खाली अर्धी दरी आणि तिच्यातली पायरी दिसायची. इथे त्याच्या पायाखाली दोन बोटं जागा दिसत होती आणि मग काचच संपत होती. मी अंदाजाने उडी मारली. पोस्टमन सरळ खाली गेला. आणि त्या यंत्राने एक लांबलचक, रडवा सूर काढला, कोणीतरी पिपाणी वाजवता वाजवता बेशुद्ध पडावं तसा. पोस्टमन मेला की असं काही वाजतं हे मला त्या दिवशी कळलं, सासुरवाडी होऊ घातलेल्या घरात, सगळ्यांसमोर.

खोलीतलं बोलणं थांबलं. "काय वाजलं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "टीव्हीवर हे असं नसतं. स्क्रीन लहान आहे."

"हो का," मुलगी म्हणाली. ती दारापाशी येऊन चौकटीला टेकून उभी होती.

मी पुन्हा खेळलो. पुन्हा तो सूर. "बटणं फार जवळजवळ आहेत," मी म्हणालो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा उन्हाला दोष दिला. त्यानंतर कशाकशाला दिला ते आठवत नाही, पण खेळ बनवणाऱ्या कंपनीपर्यंत मी पोचलो होतो हे नक्की. आवाज कमी करायचं बटण मला सापडत नव्हतं आणि ते विचारायची लाज वाटत होती. आत मोठी माणसं द्राक्षाच्या भावाचं, ढगांचं, डाऊनी रोगावरच्या फवारणीचं बोलायला लागायची आणि दर थोड्या वेळाने तो रडवा सूर आला की सगळी एकदम गप्प व्हायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला कळत होतं. हात मात्र थांबत नव्हते.

मग आत्या उठून माझ्या मागे आल्या.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "उंबऱ्यावर बसू नाय."

मी खाली बघितलं. मी खरोखरच उंबऱ्यावर बसलो होतो. बघायला आलेला मुलगा, नवी इस्त्रीची पॅन्ट घालून, मुलीच्या घराच्या उंबऱ्यावर, आत माणसं अन् बाहेर मजूर यांच्या मधोमध. घरात सुवासिनी उंबऱ्याला हळद-कुंकू लावतात, त्याच्यावर पाय देऊ नये असं मला चालायला शिकल्यापासून सांगितलं होतं आईने, आणि ती आई आतून हे सगळं बघत होती. मी तिच्याकडे बघण्याचं धाडस केलं नाही. घाईघाईने बाहेरच्या पायरीवर सरकलो. तिथे ऊन जास्त होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं," आत्या आत जाता जाता म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण भारनियमनात सगळं ऐकू येतं.

त्या म्हणीने मला जमिनीवर आणलं. माझ्या हातात ते यंत्र होतं, बशीतले पोहे गार झाले होते आणि चौकटीला टेकून ती अजून उभीच होती. ती हसत नव्हती, चिडलीही नव्हती. नुसती बघत होती. मला एकदम स्वच्छ दिसलं की हे स्थळ गेलं. आणि स्थळ गेलंच आहे तर निदान तो पूल कसा पार होतो हे तरी कळावं, असं मला मनापासून वाटलं.

"मला नाही जमत," मी म्हणालो. "तुम्ही दाखवाल का?"

मी यंत्र तिच्या हातात दिलं आणि पायरीवर बाजूला सरकून जागा केली. ती क्षणभर थांबली, मग येऊन बसली. तिने पोस्टमनला पुलावरून पळवलं, पण टोकाच्या फळीवर आणून उभं केलं. फळी हलायला लागली. तरी ती घाई करेना. तिने खालचं बटण दाबून धरलं, आणि ते सगळं चित्र हळूच वर सरकलं. खालची दरी दिसायला लागली, आणि दरीत उजवीकडे, माझी लहानपणची पायरी. तिथेच होती ती. फक्त चौकोनाच्या बाहेर होती.

"आधी खाली बघायचं," ती म्हणाली. "मग उडी."

तिने उडी मारली. पोस्टमन पायरीवर टेकला. पुढच्या खड्ड्यापाशी आणून तिने यंत्र माझ्या हातात ठेवलं. "आता तुम्ही." मी बटण दाबलं, चित्र सरकलं, पायरी दिसली, आणि पायरी दिसल्याच्या आनंदात मी इतकी घाई केली की पोस्टमन तिच्यावरून पलीकडे जाऊन पडला. पिपाणी पुन्हा बेशुद्ध पडली. या वेळी ती हसली. तोंडावर हात ठेवून, आमच्या कॉलनीत हसायचे तशी.

आई आतून म्हणाली, "निघू या आपण."

परतीच्या एस.टी.त आई बोलली, एवढाच काय तो फरक. "तोंड उघड म्हटलं होतं," ती म्हणाली, "उंबऱ्यावर बस नव्हतं म्हटलं." वडील खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय ते मी विचारलं नाही.

त्यांचा निरोप लवकर आला नाही. निरोप लवकर येत नाही म्हणजे नकारासाठी शब्द शोधणं चालू आहे, हे अनुभवाने आम्हाला माहीत होतं. ते दिवस माझे वाईट गेले. फाइलमधला फोटो मी आता बघत नव्हतो, पण तो कुठल्या ड्रॉइंगच्या खाली आहे हे लक्षात असायचं. मला ती हवी होती. यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही. आणि ती एका बुटक्या पोस्टमनपायी हुकली असं वाटलं की कामावर बसल्या बसल्या कान गरम व्हायचे.

कान गरम झाले की मी त्या यंत्राचा विचार करायचो. माझं कामच मुळी मोठं चित्र लहान कागदावर आणण्याचं होतं. मोठ्या शीटवरचं ड्रॉइंग छोट्या कागदावर आणायचं तर दोनच मार्ग: सगळंच बारीक करायचं, मग आकडे वाचता येत नाहीत, नाहीतर आकडे आहेत तेवढेच ठेवायचे आणि कडेचा भाग कापायचा. टीव्हीवरचा खेळ हाताएवढ्या यंत्रात बसवणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला होता. पोस्टमन बारीक केला असता तर तो मुंगीएवढा झाला असता, म्हणून त्याला तेवढाच ठेवला आणि त्याच्या भोवतालचं जग कापलं. रंग भडक केले, कारण काचेला उजेड नव्हता. कापलेलं जग बघता यावं म्हणून खाली बघायचं बटण दिलं. माणसांनी विचार केला होता तर! आणि ज्यांनी हा खेळ टीव्हीवर कधी पाहिलाच नव्हता, त्यांना ते बटण पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्यासारखे जुने खेळाडू तेवढे आपल्या आठवणीतल्या पायरीवर उड्या मारून मरत होते. हे सगळं मला समजलं, पटलं, आणि माझ्या कानांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

एका रविवारी मी माळ्यावरून जुना करडा डबा काढला. निदान टीव्हीवर तरी मी कोण आहे हे मला बघायचं होतं. फुंकर मारली, चित्र आलं. पुलाच्या टोकाशी आलो, कोपऱ्यात पायरी स्पष्ट दिसत होती, आणि तरी माझा अंगठा आपोआप खालच्या बटणावर गेला. टीव्हीवरच्या खेळात त्या बटणाने काही सरकत नाही. पोस्टमन नुसता खाली बसतो. तो निसटत्या फळीवर उकिडवा बसला आणि फळीसकट दरीत गेला. मी आवाज मोठा ठेवला होता. तोच रडवा सूर, पण मोठ्या टीव्हीवर भरदार. आतून वडील म्हणाले, "अरे, याला आवाज पण होता?"

निरोप आला तो आत्यांच्या फोनवरून. फोन मावशीच्या यजमानांकडे यायला हवा होता, पण आत्यांनी थेट आमच्याकडेच लावला. आईने उचलला. मी शेजारी उभा राहून आईच्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचा प्रयत्न करत होतो आणि आईचा चेहरा नेमका कोरा. शेवटी तिने फोन माझ्या हातात दिला. "तुझ्याशीच बोलायचंय म्हणतात."

"पाव्हणं," आत्या म्हणाल्या, "पोरगी म्हणती, मुलगा कारणं लय सांगतो."

"हो," मी म्हणालो. नाही म्हणायला जागा कुठे होती?

"म्या म्हटलं, मंग नाय कळवू? तर म्हणती, नगं. हो कळव." त्या थांबल्या. "आमाला काय कळंना बाबा. पर तिचं हो हाय. तुमचं काय ते सांगा."

आमचं काय ते सांगायला मला त्या दिवशी शब्द शोधावे लागले नाहीत. फोन ठेवल्यावर आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग मला सांगितलं, की लग्नात तरी उंबऱ्यावर बसू नकोस.

लग्न झालं. गृहप्रवेशाला ती उंबऱ्यावरचं माप ओलांडत असताना मी खाली उंबऱ्याकडे बघत होतो आणि आईचं लक्ष माझ्याकडे होतं. ते जांभळं यंत्र तिच्या सामानातून आमच्याकडे आलं आणि टीव्हीवर, आमच्याही विणलेल्या रुमालावर, जाऊन बसलं. त्या यंत्रात खेळ अर्धवट सोडला तर तिथेच साठवून ठेवायची सोय होती. आमच्या करड्या डब्यात तसलं काही नव्हतं. वीज गेली की पहिल्यापासून. तिचे साठवलेले तीन खेळ होते. दोन बरेच पुढे गेलेले, आणि तिसरा नेमका पडक्या पुलावर, पहिल्या फळीपाशी.

एका दुपारी तो तिसरा उघडून मी बराच वेळ बघत बसलो. डोक्यात काहीतरी सरकत होतं, त्या चित्रासारखं, हळूहळू.

"हा इथेच कसा?" मी विचारलं. "त्या दिवशी पण इथेच उघडला होता."

ती पोळ्या लाटत होती. "इथेच ठेवलाय मुद्दाम," ती म्हणाली. "तुमच्या आधीपण मुलं येऊन गेली की. टीव्हीवर ठेवलं की प्रत्येक जण उचलायचा. प्रत्येकालाच टीव्हीवरचा खेळ येत असायचा."

"म्हणजे सगळे इथेच..."

"सगळे इथेच. एक जण म्हणाला, खराब आहे, दुरुस्त करून घ्या. एकाने तसंच परत ठेवून दिलं आणि मला विचारलं, स्वयंपाक येतो का."

मी हातातल्या पोस्टमनकडे बघितलं. इतके दिवस मी समजत होतो की देवाने माझा पूल माझ्या हातात ठेवला होता. एवढंच नव्हे, बघायला मी गेलो होतो असंही समजत होतो.

"म्हणजे कोण पडतं ते बघायला?"

"पडणार तर सगळेच होते," ती म्हणाली. "पडल्यावर कोणी मला विचारतं का, ते बघत होते."

मी यंत्र बाजूला ठेवलं. मग मी थोडा ताठ झालो आणि म्हणालो, "विचारलं ना मी?"

"विचारलंत," ती म्हणाली आणि पोळी उलटली. "पण केवढ्या उशिरा! माझे पोहे पार गार करून टाकलेत."